गावच्या सांडपाण्यातलं मायक्रोप्लास्टिक: शोधायचं कसं, काढायचं कसं अन् काढल्यावर टाकायचं कुठं

एक गोष्ट पहिलेच सांगून ठेवतो. पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक काढता येतं, बऱ्यापैकी काढता येतं, पण ते गायब होत नाही, पाण्यातून निघून गाळात जाऊन बसतं. अन् आपल्याकडे गाळ म्हटलं की पहिला विचार येतो वावरात टाकायचा. म्हणून खालचं सगळं वाचताना डोक्यात एकच प्रश्न ठेवा, हा गाळ शेवटी जाणार कुठं.

हे लिहिलंय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे ज्यांच्या ग्रामपंचायतीत स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात नाल्याच्या तोंडाशी सांडपाण्याचं युनिट झालं अन् आता ते चालवायचं काम अंगावर पडलंय, अन् दुसरे म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी-एमएस्सीचा प्रोजेक्ट म्हणून ज्यांनी हा विषय उचललाय. दोघांनी मिळून केलं तर सगळ्यात भारी, काऊन तं एकाकडे पाणी असते अन् दुसऱ्याकडे मायक्रोस्कोप.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण, तुकडा, धागा, काहीही. खाली १ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत धरतात. आपल्या गावात हे येतं कुठून ते नालीच्या काठानं एक चक्कर मारली तरी कळते. खर्ऱ्याच्या पन्न्या, पाण्याचे पाऊच, खताच्या कट्ट्यांचे सुटलेले धागे, फाटलेली ताडपत्री, मिरची-टरबुजाच्या वावरातला मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे. हे सगळं उन्हात पडून कडक होतं, मग पायाखाली, चाकाखाली चुरा होतो अन् पहिल्या पावसात नालीत. पण सगळ्यात जास्त माल दिसत नाही तो, म्हणजे धुण्याचं पाणी. पॉलिस्टरच्या साड्या, शर्ट, चादरी, ब्लँकेट. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या विद्यापीठानं २०१६ मध्ये मोजलं होतं, ॲक्रिलिकच्या ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यात ७ लाखांवर धागे सुटू शकतात. आपल्याकडे मशीन कमी अन् दगडावर आपटणं जास्त, पण धागा सुटतोच.

पहिले पाणी समजून घ्या

सॅम्पल घ्यायची घाई करू नका. आधी कागदावर नाल्यांचा नकाशा काढा, कोणत्या नालीत किती घरांचं पाणी येतं, बाजाराच्या जागेचं पाणी कुठं मिळतं, जिनिंग किंवा गाड्या धुवायचं सेंटर असेल तर त्याचं पाणी कुठं जातं. मग युनिटमध्ये काय काय आहे ते लिहा, जाळी आहे का, गाळ बसायचं टाकं आहे का, पुढं गिट्टी अन् कर्दळीचा बेड आहे का नुसता खड्डा. प्रत्येक टप्प्याच्या आधी अन् नंतर पाणी हाती लागेल अशी जागा पाहून ठेवा. अन् चेंबरमध्ये, बंद टाक्यात कोणी उतरायचं नाही, दोन मिनिटासाठी पण नाही, आतला गॅस दिसत नाही अन् वास येतोच असं पण नाही. जे घ्यायचं ते वरूनच, लांब दांड्याच्या स्टीलच्या मग्ग्यानं. हातात ग्लोव्ह पाहिजेच, अन् धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

सॅम्पल कसं घ्यायचं

प्लास्टिक शोधायला प्लास्टिकचा मग्गा नेला तर काय मोजणार बाप्पा. स्टीलची बादली, स्टीलचा गुंड, काचेच्या बाटल्या, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. सगळं गाळलेल्या पाण्यानं तीनदा खंगाळा. अंगात सुती कपडे घाला, त्यातही एका ठरावीक रंगाचे घाला, म्हणजे पुढं त्या रंगाचा धागा दिसला की हा आपलाच आहे हे ओळखता येते. पॉलिस्टरची टी-शर्ट घालून नाल्यावर जाऊ नका.

येणारं पाणी घट्ट असतं, त्यामुळे १-२ लिटर पुरे, जास्त घेतलं तर चाळणी बुजून बसते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात कण कमी असतात म्हणून तिथं ५० ते १०० लिटर चाळावं लागतं, नाहीतर चार कण सापडतील अन् त्या चार कणांवर निष्कर्ष काढत बसाल. गावात सकाळी ७ ते १० धुण्याभांड्याचं पाणी येतं, दुपारी नाली जवळपास कोरडी, म्हणून एकाच वेळचं पाणी घेऊन दिवसाचा अंदाज लावू नका, दर तासाला अर्धा लिटर असं करून गुंडात जमा करा अन् मग त्यातलं घ्या. आठवडी बाजाराचा दुसरा दिवस अन् मृगाचा पहिला जोराचा पाऊस हे दोन दिवस वेगळे घ्या, साध्या दिवसात मिसळू नका. पाऊस पडला की वर्षभर साचलेलं सगळं एकदम येतं.

चाळण्या स्टीलच्या, एकावर एक. वर ५ मिलिमीटर, मग १ मिलिमीटर, मग ३०० मायक्रॉन, खाली १०० किंवा जमलं तर ४५. फक्त ३०० ची असेल तरी चालेल पण रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, काऊन तं कपड्याचा धागा लांबीला मोठा असला तरी जाडीला १०-२० मायक्रॉनच असतो, तो उभा झाला की ३०० च्या छिद्रातून सरळ निसटून जातो. चाळणीचा आकडा न लिहिता दिलेला कणांचा आकडा रद्दी समजा.

ब्लँक, म्हणजे या कामाचा जीव

माझं स्पष्ट मत आहे, ब्लँक नसलेला मायक्रोप्लास्टिकचा रिपोर्ट वाचायचीच गरज नाही. ब्लँक म्हणजे काय, तर गाळलेलं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं अन् त्याच्यावर सॅम्पलसारखंच सगळं करायचं, तीच चाळणी, तीच केमिकलं, तोच फिल्टर, तेवढाच वेळ. त्यात जे काही धागे-कण निघतील ते हवेतले, कपड्यातले, भांड्यातले. शिवाय टेबलवर एक ओला फिल्टर पेपर काचेच्या डिशमध्ये उघडा ठेवा, हवेतून काय पडतं ते त्यावर दिसतं. पंखा बंद. हो, मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून हे काम पहाटे करा, उगाच दुपारी बसून मध्येच कोणीतरी कूलर लावला की सगळं पाण्यात.

घाण जाळून प्लास्टिक शिल्लक ठेवणं

चाळणीवर जे उरलं त्यात शेण-माती, अन्नाचे कण, केस, पालापाचोळा सगळंच असतं. ते काचेच्या बीकरमध्ये उतरवा अन् ६० डिग्रीच्या आसपास वाळवा, त्यापेक्षा जास्त तापवू नका, काही प्लास्टिक आकार बदलतं. मग त्यात ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिली अन् ०.०५ मोलरचं (म्हणजे ठरावीक ताकदीचं, कृती खाली आहे) फेरस सल्फेटचं द्रावण २० मिली टाका, ही दोन मिळून शेण, अन्न, पालापाचोळा खाऊन टाकतात. मेडिकलच्या दुकानातलं पेरॉक्साइड फार पातळ असतं, ते इथं कामाचं नाही, लॅबच्या सप्लायरकडूनच घ्या. फेरस म्हणजे आपलं हिराकस, कृषी केंद्रात मिळतं पण त्यात कचरा असतो, लॅबचंच बरं. ५०० मिली पाण्यात ७.५ ग्रॅम अन् ३ मिली सल्फ्युरिक ॲसिड, ॲसिड पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. द्रावण फिल्टर करून वापरा.

दोन्ही टाकल्यावर पाच मिनिटं नुसतं पाहत राहा. मग हळू गरम करा, ७५ डिग्रीच्या वर नाही. बुडबुडे सुरू झाले की हीटरवरून खाली. इथंच नवीन पोरं फसतात, बीकर लहान घेतात, वर फेस येतो अन् अर्धं सॅम्पल टेबलवर. ५०० मिलीचा बीकर घ्या, जवळ थंड डिस्टिल्ड पाण्याची बाटली ठेवा, फेस चढला की थोडं टाका. गॉगल, ग्लोव्ह अन् हवेशीर जागा, यात तडजोड नाही. काळपटपणा गेला नसेल तर अजून २० मिली पेरॉक्साइड.

मिठाच्या पाण्यात तरंगवणं

आता उरली रेती-माती अन् प्लास्टिक. मीठ टाकून पाणी जड करायचं, प्लास्टिक वर येतं, रेती खाली बसते. प्रत्येक २० मिलीला ६ ग्रॅम मीठ, पूर्ण विरघळवून काचेच्या फनेलमध्ये रात्रभर ठेवायचं अन् सकाळी खालची रेती सोडून द्यायची. पण किराण्याच्या मिठातच मायक्रोप्लास्टिक असतं हो, आयआयटी मुंबईच्या अभ्यासात २०१८ मध्ये भारतातल्या समुद्री मिठात ते सापडलं होतं, म्हणून मिठाचं पाणी आधी फिल्टर करूनच वापरा.

साध्या पाण्याची घनता १ धरली तर मिठाच्या पाण्याची १.२ पर्यंत जाते. पन्नीचं पॉलिथिन अन् कट्ट्याचं पॉलिप्रॉपिलीन तर साध्या पाण्यावर पण तरंगतं, नायलॉन १.१४ म्हणजे तेही येतं, पण साडीचं पॉलिस्टर अन् पाण्याच्या बाटलीचं पीईटी १.३८ च्या आसपास, पाइपाचं पीव्हीसी पण जडच, ते खाली बसून रेतीबरोबर निघून जातं. म्हणजे गावच्या सांडपाण्यात जे सगळ्यात जास्त असण्याची शक्यता तेच हातातून सुटतं. त्यासाठी झिंक क्लोराइडचं द्रावण लागतं, १.५ च्या वर घनतेचं. महाग आहे, त्वचेला वाईट आहे अन् माशांना विषारी आहे, त्यामुळे वापरलं की फिल्टर करून बाटलीत परत, पुन्हा तेच वापरायचं, नालीत थेंबही नाही. झिंक क्लोराइड जमत नसेल तर खाली बसलेली रेती फेकू नका, तीसुद्धा मायक्रोस्कोपखाली थोडी थोडी पाहा.

कपाशीचा धागा का साडीचा धागा

वर तरंगलेलं ग्लास फायबर फिल्टरवर गाळून घ्या, साधा फिल्टर पेपर स्वतःच धागे सोडतो. मग ४० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप पुरे. आपल्या भागात खरी कसोटी इथं आहे, कारण पाण्यात कापूस सगळीकडे. घरातले सुती कपडे, गादीतली रुई, जिनिंगच्या हवेतून उडालेली, अन् पेरॉक्साइड कापसाला पूर्ण खात नाही, धागा तसाच राहतो. रंगवलेला सुती धागा तर हुबेहूब प्लास्टिकसारखा वाटतो.

पण नीट पाहिलं तर फरक दिसते. कापसाचा धागा चपटा असतो, फितीसारखा, अन् जागोजागी पीळ पडलेला, एका ठिकाणी रुंद तर दुसरीकडे अरुंद. पॉलिस्टरचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा, गोल, गुळगुळीत, रंग सगळीकडे सारखा. तरी शंका असली तर शिवणकामाची सुई लायटरवर लाल करून मायक्रोस्कोपखाली धाग्याच्या टोकाला लावा. पॉलिस्टर आखडतं, वितळून टोकाला बारीक गोळी होते, सुईला चिकटतं. कापूस वितळत नाही, नुसता काळा पडतो. १०० मायक्रॉनपेक्षा लहान कणांवर सुईचा हा खेळ जमत नाही, तिथं थांबा. टायरची काळी भुकटी पण येईल, विशेषतः हायवेला लागून गाव असलं तर, ती वितळत नाही, सुईनं दाबली की रबरासारखी दबते, तिचा वेगळा रकाना करा.

नाइल रेड नावाचा रंग टाकून निळ्या लाइटमध्ये केशरी काचेतून पाहिलं तर बरंच प्लास्टिक चमकतं, मोजणी फटाफट होते. पण तेलकट घाण नीट गेली नसेल तर तीही चमकते अन् पॉलिस्टर मात्र फिकटच दिसतं, त्यामुळे एकट्या नाइल रेडवर विश्वास ठेवून आकडा छापू नका. पक्कं करायचं तर एफटीआयआर, म्हणजे कण कोणत्या प्लास्टिकचा ते सांगणारं मशीन. नागपूर-अमरावतीकडच्या विद्यापीठांत, मोठ्या कॉलेजांत विचारा. सगळे कण नेऊ नका, प्रत्येक प्रकारातले थोडे, चिमट्यानं उचलता येतील असे मोठे निवडून न्या. एकदम बारीक कणांसाठी मायक्रो-एफटीआयआर किंवा रामन (लेझरच्या उजेडानं प्लास्टिक ओळखणारं मशीन) लागतं, ते महाग पडतं.

हिशोब सोपा आहे. समजा ५० लिटर पाण्यात ८४ कण निघाले अन् ब्लँकमध्ये ९, तर ७५ भागिले ५०, म्हणजे लिटरमागे १.५. बाजूला चाळणीचा आकार, तारीख, वेळ अन् पाऊस होता का ते.

आता काढायचं कसं

काढायला सुरुवात जाळीपासून. पन्नी अख्खी आहे तोवर एका हातानं उचलता येते, तिचा चुरा झाल्यावर लाखाची मशीनरी पण कमी पडते. नालीच्या तोंडाशी एक मोठ्या गाळ्यांची अन् तिच्या मागं एक बारीक, अशा दोन जाळ्या बसवा अन् रोज साफ करा, रोज म्हणजे रोज. जाळीवर अडकलेली खर्ऱ्याची पन्नी ओढून बाजूला काठावर टाकली तर ती दोन महिन्यांत तिथंच कडक होऊन तुटते अन् परत त्याच पाण्यात जाते, तिला ड्रममध्ये भरून सुक्या कचऱ्यात पाठवा.

जाळीनंतर पाण्याला थांबवा. बसायच्या टाक्यात पाणी जितकं शांत तितकं चांगलं, पॉलिस्टर-पीव्हीसी खाली बसतं अन् पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन तेलकट सायीत वर तरंगतं. म्हणून टाक्याच्या बाहेर जायच्या तोंडाआधी एक आडवी फळी पाण्यात बुडवून लावा, साय अडते अन् पाणी खालून जातं. ती साय आठवड्यातून काढायची. बऱ्याच युनिटांत मी पाहतो, गाळ काढतात पण सायीकडे कोणी पाहत नाही, अन् तरंगणारं सगळं प्लास्टिक तिथंच असतं.

शहरातल्या मोठ्या प्लँटात जिवाणूंच्या गाळाचे पुंजके कण पकडतात. फिनलंडमध्ये २०१७ मध्ये शेवटच्या टप्प्याच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या होत्या, त्यात पडद्याच्या बायोरिॲक्टरनं (म्हणजे जिवाणूंच्या टाक्यातलं पाणी अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणारं मशीन) ९९.९ टक्के, रेतीच्या जलद फिल्टरनं ९७ टक्के अन् हवेच्या बुडबुड्यांनी तरंगवून ९५ टक्के कण निघाले. पडद्याचं मशीन ग्रामपंचायतीला झेपत नाही, लाइट गेली की बसलं. पण रेती? रेती आपल्याकडे आहे. पडद्याच्या अन् रेतीच्या मध्ये जेवढा टक्केवारीचा फरक आहे तेवढ्यासाठी गावानं कर्ज काढू नये असं माझं मत.

कर्दळ, पाणकणीस लावलेला गिट्टीचा बेड असेल (नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड त्याच जातीचं) तर त्यातही कण अडकतात. त्याच्या पुढं हळू चालणारा रेतीचा फिल्टर जोडा. खाली मोठी गिट्टी, वर बारीक गिट्टी, मग जाड रेती, सगळ्यात वर ६०-७० सेंटिमीटर धुतलेली बारीक रेती. एका चौरस मीटरवर तासाला १०० लिटरच्या आसपास पाणी सोडा, जास्त सोडलं तर बुजतो. गावात रोज ४०,००० लिटर येत असेल तर सतरा चौरस मीटर लागतील, अन् असे दोन बेड करा, एक चालू एक साफसफाईला. साधं सांडपाणी थेट रेतीवर सोडू नका, आठवड्यात दगड होईल.

पाणी फारच गढूळ असलं तर तुरटी. डोस अंदाजानं नाही, जार टेस्टनं. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा, या द्रावणाचा १ मिली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. एकेक लिटरचे सहा जार, त्यात १ पासून ६ मिलीपर्यंत, एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा-वीस मिनिटं हळू, अर्धा तास शांत. ज्या जारात पुंजके मोठे अन् वरचं पाणी साफ तो डोस. कोणत्याच जारात पुंजके बनले नाही तर डोस वाढवून परत, अन् पीएच पाहा, ६ ते ७.५ मध्ये तुरटी चांगली चालते. शेवग्याच्या बियांची भुकटी पण पुंजके बनवते, पण बियांचं सत्त्व पाण्यात उतरून पाणी लवकर वास मारतं, साठवायचं असेल तर नको.

अन् गाळ

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका प्लँटवर २०१६ मध्ये मोजणी झाली, साडेसहा लाख लोकांचं पाणी, ९८ टक्के कण प्लँटनं पकडले, तरीही रोज साडेसहा कोटी कण नदीत जात होते. सगळे हा दुसरा आकडा पाहून हादरतात. मी पहिला पाहतो, ते ९८ टक्के कुठं गेले? सायीत, गाळात, जाळीवर. आपल्या बेडवरून खरडलेली वरची एक-दोन सेंटिमीटर रेती, गिट्टी धुतलेलं पाणी, तुरटीचा गाळ, माल सगळा तिथं आहे. धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं तर इतका खटाटोप वाया, ते परत युनिटच्या सुरुवातीला टाका.

गाळ वाळवायच्या बेडवर पसरवा अन् त्यातला १० ग्रॅम वाळलेला गाळ घेऊन वरचीच टेस्ट करा, किलोमागे किती कण ते काढा. आपल्याकडे सांडपाण्याच्या नियमांत बीओडी, सीओडी (घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याची मापं), टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) यांच्या मर्यादा आहेत, मायक्रोप्लास्टिकची नाही. युरोपनं २०२४ च्या नव्या निर्देशात त्याची मोजणी आणली, आपल्याला कोणी विचारणार नाही, त्यामुळे निर्णय ग्रामसभेतच घ्यावा लागतो. माझा सल्ला असा, भाजीपाला, संत्र्याची बाग, कपाशी, कुठल्याच वावरात नको. कितीही काळाभोर दिसला अन् शेजारच्या काकाजींनी ट्रॉली लावतो म्हटलं तरी नको, कारण एकदा मातीत मिसळलं की ते चाळून काढता येत नाही. गावात उघड्यावर जाळायचं तर अजिबात नाही. थोडा असेल तर तळाला अन् बाजूंना अस्तर केलेल्या, वरून झाकलेल्या खड्ड्यात, नाल्यापासून अन् विहिरीपासून दूर. पाच-सहा गावांचा मिळून ट्रकभर होत असेल तर पंचायत समितीच्या मार्फत चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांना विचारून पाहा, तिथल्या भट्टीत आतला माल १,४०० डिग्रीच्या वर तापतो अन् पूर्ण वाळलेला गाळ त्यात जाळता येतो, फक्त ओला गाळ ते घेत नाहीत.

अन् एक रजिस्टर ठेवा, त्यात कोणत्या तारखेला किती घमेली गाळ निघाला, टेस्टचा आकडा किती अन् ट्रॉली कोणत्या गट नंबरला गेली ते लिहा, खाली ट्रॉलीवाल्याची सही घ्या.